लई लवकर गेल्या

आत्याबाई गेल्या असं मी म्हणाले, हे खरं आहे. मेल्या असं म्हणाले नव्हते. पण पुण्यात शब्द तोलूनमापून वापरावा लागतो आणि मी पडले करमाळ्याकडची. आमच्याकडं माणूस कामाला गेलं तरी गेलं आणि वर गेलं तरी गेलंच. कुठं गेलं ते ऐकणाऱ्यानं आपलं ओळखायचं.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, सुंदराबाई रतन ओव्हाळ. वय त्रेसष्ट. मार्केट यार्डात मिरचीच्या गाळ्यावर देठ खुडायचं काम करतात, त्याला चाळीस वर्षं होत आली. पहाटे साडेपाचला वस्तीतल्या चौघीजणी हाक मारत येतात आणि त्यांना बरोबर घेऊन जातात. घरचं आवरून दहाच्या पुढं मीही त्याच गाळ्यावर जाते. माझा नवरा संजय भुसार बाजारात हमाली करतो. मामंजी, म्हणजे माझे सासरे रतन, तेही हमालच होते. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. हे जाणं दुसरं, लक्षात येईलच.

तर श्रावणातली गोष्ट. सकाळचे आठ वाजले होते, बाहेर भुरभुर चालू होती आणि मी भाकरीचं पीठ मळत होते. दारात एक बाई उभ्या राहिल्या. हातात छत्री, काखेत वही, चपला चिखलानं भरलेल्या. पलीकडच्या शाळेतल्या भाग्यश्रीबाई. शाळा सांभाळून त्यांना मतदारयादीचंही काम लावलेलं होतं. घरोघर जाऊन कोण राहतं, कोण सोडून गेलं, कोण वारलं ते वहीत लिहायचं.

"संजय रतन ओव्हाळ?"

"हो, इथंच."

"सुंदराबाई रतन ओव्हाळ?"

"त्या गेल्या."

बाई थांबल्या. "केव्हा?"

"लई लवकर गेल्या."

"हो ना," बाई हळूच म्हणाल्या. "त्रेसष्ट म्हणजे काही वय नाही."

मला वाटलं, बाईंना आत्याबाईंची काळजी वाटतेय. बरं वाटलं. कामावर जाणाऱ्या म्हातारीची चौकशी कोण करतं. म्हणून मीही मन मोकळं केलं. म्हटलं, "वयाचं काही नाही हो, खोकल्यानं बेजार होत्या. नका जाऊ म्हटलं, पण ऐकतायत कुठं. चौघीजणी आल्या आणि घेऊन गेल्या."

बाईंनी मान हलवली, वहीत काहीतरी लिहिलं आणि वही माझ्यापुढं धरली. "इथं सही करता?"

वाचायला पाहिजे होतं. ह्या घरात बारावी झालेली मी एकटी, अख्ख्या गल्लीची बँकेची पत्रं वाचून दाखवते. पण तव्यावरची भाकरी करपत होती. पिठाचा हात पदराला पुसला आणि सही ठोकली, इंग्रजीत. कॉलेजात शिकले होते, एस मोठा आणि पुढं सगळी गिचमिड.

जाताना बाई म्हणाल्या, "काळजी घ्या."

"घेते की," मी म्हटलं आणि भाकरी उलटली.

ऑक्टोबरात विधानसभेची निवडणूक लागली. आमच्याकडं आमदार हिंमतराव तिसऱ्यांदा उभे राहिले आणि समोर दिग्विजयदादा. मागच्या खेपेला दोघांत नऊशे मतांचं अंतर पडलेलं. त्यामुळं ह्या वेळी दोन्हीकडची माणसं उवा शोधाव्यात तशी मतं शोधत होती. एरवी आमच्या गल्लीत कचऱ्याची गाडी यायला आठवडा लावते, तिथं दिवसातून चार वेळा नमस्कार यायला लागले.

एका संध्याकाळी दिग्विजयदादांचा कार्यकर्ता आला, अभिनव नावाचा. खराडीला कंपनीत नोकरी करतो म्हणे, आणि सुट्टी काढून प्रचार. आत्याबाई नुकत्याच कामावरून आल्या होत्या. त्यांचं घरात येणं म्हणजे एक विधीच असतो. बाहेरच लुगडं झटकायचं, हातपाय धुवायचे, तरी मिरचीचा खकाणा आत येतोच आणि सगळं घर शिंकतं. मग त्या परातीत ताक घेऊन दोन्ही हात बुडवून बसतात. देठ खुडून खुडून बोटांची टोकं उललेली, नखांच्या कडा लाल, आणि आग इतकी की रात्री हात पांघरुणाबाहेर ठेवून झोपतात. रेशनच्या मशीनवर त्यांचा अंगठा उमटत नाही. बोटांवर रेषाच उरल्या नाहीत.

अभिनवनं मोबाइलवर नावं काढली. "संजय रतन, ओके. रतन ओव्हाळ, ओके."

"ते कसे ओके असतील," संजय म्हणाला. "बाबा जाऊन अकरा वर्षं झाली."

"लिस्टमध्ये आहेत ना. सुंदराबाई..." त्यानं वरखाली केलं, परत नाव टाकलं. "आजी, तुम्ही डिलीट झालाय. कारण लिहिलंय, मयत."

आत्याबाईंना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा म्हणाल्या, "म्हातारा हाय अन् मी न्हाई?"

आम्ही सगळे हसलो. त्याही हसल्या. मग त्यांचं हसू हळूहळू उतरलं. त्यांनी परातीतून हात बाहेर काढले आणि तशाच बसून राहिल्या, ताक कोपरापर्यंत ओघळत होतं.

"म्हंजी ह्या बारीला मला मत न्हाई?"

आत्याबाईंचं मत म्हणजे काय, ते मला सहा वर्षांत चांगलं ठाऊक झालंय. त्यांनी एक मतदान सोडलेलं नाही. एकदा पायावर पोतं पडलं होतं, तेव्हा मामंजींनी हातगाडीवर बसवून नेलं होतं. त्या म्हणतात, "माझ्या आजीला हिरीवर वंजळ पसरून हुबं ऱ्हावं लागायचं, वरून कुणी पाणी वतलं तर प्यायचं. मतदानाच्या रांगंत माझ्या मागं आडतवाला शेठ हुबा असतो. मला बाजूला सरक म्हणत न्हाई. बाबासायबांचं देणं हाय ते, टाकून द्याया हुतं व्हय." आणि त्या दिवशी मशीनवरचा साहेब त्यांना आपण म्हणतो. वर्षाचे बाकीचे दिवस त्यांना 'ए म्हातारे' म्हणून हाक मारतात.

अभिनवला मात्र त्यात दुसरंच दिसलं. "आजी, हा मोठा विषय आहे. उद्या दहा वाजता चॅनेलवाले आणतो. तुम्ही फक्त म्हणायचं, आमदारांच्या राज्यात जिवंत माणसाला मारलं. यादीवाल्या बाईचं नाव घ्यायचं. आमचे वकील तुमचं नाव दोन दिवसांत परत आणतील. अर्जाला चारच दिवस उरलेत."

"अन् त्या बाईचं काय हुईल?"

"सस्पेंड. व्हायलाच पाहिजे."

आत्याबाईंनी हात परत ताकात घातले. "मग नको."

"आजी, अहो तुमचा हक्क..."

"हक्क माझा हाय ना? मग मी बघते. बाईनं काय माझा गळा दाबला न्हाई. कुणीतरी सांगितलं आसंल, तिनं लिवलं."

अभिनव तोंड पाडून गेला. संजय मात्र पेटला. "पण सांगितलं कुणी? जिवंत माणसाला मेली म्हणणारं कोण आहे आपल्यात? सापडू दे नुसतं."

माझ्या डोळ्यांपुढं श्रावणातली ती सकाळ उभी राहिली. गेल्या. लई लवकर गेल्या. चौघीजणी आल्या आणि घेऊन गेल्या. एरवी माझी जीभ कुणाच्या बापाला ऐकत नाही, पण त्या संध्याकाळी टाळूला चिकटून बसली. मी भाकऱ्या थापत राहिले, आणि एकही भाकरी गोल झाली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी खाडा केला आणि शाळेत गेलो. मधली सुट्टी चालू होती. भाग्यश्रीबाई व्हरांड्यात डबा खात होत्या. आत्याबाई पुढं झाल्या, हात जोडले. "जयभीम बाई. मी सुंदराबाई ओव्हाळ."

बाईंचा घास हातातच राहिला. आधी आत्याबाईंकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि मग त्या मट्कन बाकावर बसल्या.

"हाय, जित्ती हाय," आत्याबाई म्हणाल्या. "जेवा तुम्ही. आम्ही थांबतो."

बाई जेवल्या नाहीत. डबा बंद केला, मोठ्या बाईंना सांगून अर्धी रजा टाकली आणि आम्हाला रिक्षात घालून निवडणुकीच्या ऑफिसात घेऊन गेल्या. सबंध वाटेत मी रिक्षाच्या बाहेर बघत होते.

ऑफिसात तात्याराव म्हणून एक कारकून होते. समोर ढीगभर कागद, गळ्यात दोरीचा चष्मा आणि चेहरा असा, की आपण आलोच का असं वाटावं.

"काय काम?"

"यादीत नाव न्हाई माझं," आत्याबाई म्हणाल्या.

त्यांनी कॉम्प्युटरवर बघितलं. "बरोबर आहे. आपण मयत आहात."

"व्हय, तेच सांगाया आले."

तात्यारावांनी चष्मा नाकावर खाली घेतला. "मग पुरावा?"

"कशाचा?"

"हयात असल्याचा."

आत्याबाईंनी आधारकार्ड काढायला कमरेची पिशवी ओढली, पदर झटकला गेला आणि चाळीस वर्षांची मिरची टेबलावर उतरली. तात्यारावांना एकामागून एक अशा पाच शिंका आल्या. डोळ्यांतून पाणी आलं, नाक लाल झालं, बाजूचे दोन कारकूनही शिंकायला लागले.

"एवढा पुरावा चालंल का?" आत्याबाईंनी विचारलं.

"चालेल," तात्याराव रुमालातून म्हणाले. "जरा लांबून दिलात तर आणखी चालेल."

मग त्यांनी कपाटातून घरभेटीची वही काढली. आमचं पान उघडलं. त्यांनी वाचलं, "सुंदराबाई रतन ओव्हाळ, मयत, घरच्यांनी सांगितले. खाली सही आहे. कुणाची आहे ही? मला तर भूकंपाचा आलेख वाटतोय."

भाग्यश्रीबाईंनी माझ्याकडं बघितलं. त्यांनी नुसतं बोट दाखवलं असतं तरी पुरे होतं. त्यांची नोकरी, त्यांचं नाव, सगळं तिथं टेबलावर होतं, आणि मी बोलायचं म्हणून तोंड उघडलं तर नुसती हवा बाहेर आली.

तेवढ्यात आत्याबाईंनी वही आपल्याकडं ओढली. वाकून, डोळे बारीक करून पान बघितलं. त्यांना वाचता येत नाही, तरी बराच वेळ बघितलं. "न्हाई बाबा," त्या म्हणाल्या. "आमच्यात असली इंग्रजी सही कुणाला येती."

"चूक माझी आहे," भाग्यश्रीबाई म्हणाल्या. "मृत्यूचा दाखला बघितल्याशिवाय मी लिहायला नको होतं."

तात्यारावांनी दोघींकडं बघितलं, मग माझ्याकडंही बघितलं. त्यांना कळलं असावं. "हे बघा," ते आत्याबाईंना म्हणाले, "आपण लेखी तक्रार दिलीत तर बाईंवर कारवाई होईल आणि आपला कागद जरा वर सरकेल. तक्रार नसेल तर नवीन नाव म्हणून अर्ज भरायचा. रांगेनं."

"रांगंनं गेलं तर मतदानाच्या आत नाव यील?"

"आलं तर येईल."

"अन् न्हाई आलं तर?"

"तर नाही येणार."

बाई एकदम म्हणाल्या, "सुंदराबाई, तुम्ही तक्रार द्या. माझं मी बघेन. तुमचं मत जायला नको."

आत्याबाईंना ते मत किती हवं होतं, ते मला दिसत होतं. पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळत होत्या, सोडत होत्या. मग म्हणाल्या, "रांगंनंच जाऊ द्या."

अर्ज मी भरला. एकेक अक्षर कोरून. अंगठा शाईत बुडवून तीनदा उमटवला तेव्हा कुठं जरासा डाग पडला. मी कागद पुढं सरकवणार तर आत्याबाई म्हणाल्या, "अन् सायेब, हिचंबी भरून घ्या. लग्नाला सहा वर्सं झाली, मत अजून म्हायेरीच ठिवलंय हिनं. शिकल्याली हाय, पर येळ न्हाई म्हणती."

"शिकलेल्यांना नसतोच," तात्याराव म्हणाले आणि दुसरा अर्ज माझ्यापुढं टाकला.

पुढचे दिवस कामात गेले. शीतगृहातून मिरचीच्या गाड्या येत होत्या. तोंडाला फडकं बांधून पोत्यावर बसायचं, डाव्या हातात मिरची, उजव्या हाताच्या अंगठ्यानं देठ मोडायचा आणि टोपलीत टाकायचा. दुपारनंतर मान मागं जात नाही. एका दुपारी हिंमतराव गाळ्यांवर फिरत आले, मागं तीसेक माणसं, सगळी शिंकणारी. आत्याबाईंना त्यांनी नावानं ओळखलं.

"सुंदराबाई, लक्ष असू द्या."

"हाय की लक्ष," आत्याबाई म्हणाल्या. मी मनात म्हटलं, लक्ष आहे, मत नाही.

ते गेल्यावर त्या मला म्हणाल्या, "ह्या मानसानं आम्हाला मोरी बांधून दिली, सोने. त्याच्या आधी तीस वर्सं आम्ही बाया ट्रकाच्या आडोशाला जायचो, अन् डायवर हॉर्न वाजवायचे. मी त्याचे उपकार इसरायची न्हाई."

"मग मत त्यांनाच म्हणायचं."

"आसं कसं? करोनात दोन म्हैनं गाळा बंद हुता तवा दारात डबा कुणी आणून दिला? दिग्विजयच्या आईनं. सवता पोळ्या लाटायची ती बाई." त्यांनी पुढची मूठभर मिरची उचलली. "म्हणून तर मत झाकून द्यायचं असतंय. दोघांचंबी खाल्लंय आपण. उघड्यावर द्याया लागलं असतं तर एकाचं तोंड बघता आलं नसतं."

त्या संध्याकाळी मला राहवलं नाही. संजय बाहेर गेला होता. परातीत ताक ओतलं, त्यांचे हात आत धरले आणि म्हणाले, "आत्याबाई, ती सही माझी होती."

"ठावं हाय."

"काय?"

"बचत गटाच्या वहीत दर म्हैन्याला माझ्या अंगठ्याशेजारी तू तो वाकडा साप काढतीस. मला वाचाया येत न्हाई, पर साप वळकाया येतोय."

"मग ऑफिसात का नाही बोललात? मला का नाही बोललात?"

"बोलले असते तर हिथं संजय तुला बोलला असता अन् तिथं सायेब बाईला बोलला असता. त्यानं माझं नाव आलं असतं व्हय?" त्या बोटं हलवत राहिल्या. "अन् तू खोटं काय बोललीस? गेलेच हुते मी. लवकरच गेले हुते."

मला हसूही आलं आणि रडूही आलं, आणि रडू जास्त आलं. आई लहानपणी गेली माझी, खरीखुरी गेली. चुकलेलं कुणी असं पदराखाली घेतं, हे मला ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, "आत्याबाई, तुमचे उपकार कसे फेडू."

"ताकात रडू नको," त्या म्हणाल्या. "आदीच झोंबतंय."

मतदानाच्या आदल्या दिवशी चिठ्ठ्या आल्या. संजयची आली. माझी आली, पहिल्यांदाच. मामंजींचीही आली, दर वेळेसारखी. आत्याबाईंची आली नाही. मी चारही बाजूंनी पाकीट झटकून बघितलं. त्यांनी मामंजींची चिठ्ठी हातात घेतली, तिच्यावरून बोट फिरवलं आणि फोटोमागं खोचून ठेवली. "तुझी नीट ठेव," मला म्हणाल्या. रात्री जेवल्या नाहीत, भूक नाही म्हणाल्या.

सकाळी उठून बघते तर त्या न्हाऊन तयार. चौदा एप्रिलला नेसतात ते पांढरं लुगडं, केसाला तेल. संजय म्हणाला, "आई, चिठ्ठी नाही आली. उगाच तिथं लोकांत..."

"न्हाई म्हणायचं तर त्यांनी तोंडावर म्हणू दे," आत्याबाई म्हणाल्या आणि चालायला लागल्या.

यार्ड बंद होतं. शाळेबाहेर लांब रांग. आमच्या मागं खरंच मसाल्याचे एक आडतवाले उभे होते, कडक इस्त्रीत. आत्याबाई अधूनमधून मागं वळून बघत होत्या आणि पुन्हा पुढं बघत होत्या. त्यांचा हात माझ्या हातात होता. तापलेला, खरखरीत.

खोलीत पोचलो. पहिल्या टेबलावरच्या साहेबांनी आधारकार्ड बघितलं, यादीची पानं उलटली. आत्याबाईंच्या फोटोवर आडवा शिक्का होता. "आजी, आपलं नाव कमी केलेलं आहे."

"परत घातलंय सायेब. रांगंनं घातलंय."

"इथं दिसत नाही."

भिंतीकडेला दोन्ही पक्षांचे प्रतिनिधी आपापली यादी घेऊन बसले होते. हिंमतरावांकडून महिपती म्हणून यार्डातला मुकादम, आणि दिग्विजयदादांकडून अभिनव. आत्याबाईंनी त्याला दारातून परत लावला होता. बाई मयत आहे असा आक्षेप घ्यायचा त्याला हक्कच होता, आणि त्याला वाटत असणार की हे मत मोरीवाल्या आमदाराचंच.

मागून रांगेतलं कुणीतरी म्हणालं, "चला की पुढं."

आत्याबाईंनी आधारकार्ड उचललं. माझा हात सोडला. त्यांनी एक पाऊल मागं घेतलं, आणि मी त्यांना मतदानाच्या खोलीत मागं सरताना बघितलं ते मला आयुष्यात विसरता येणार नाही.

"सर, एक मिनिट," अभिनव म्हणाला. तो आपल्या यादीत बोट घालून बसला होता. "पुरवणी यादी दोन बघा. शेवटचं पान, खालून तिसरं."

साहेबांनी गठ्ठ्याच्या तळातून कागद ओढला. वाचलं. मग मोठ्यानं म्हणाले, "सुंदराबाई रतन ओव्हाळ. कुणाचा आक्षेप?"

"नाही," महिपती म्हणाला.

"माझा कशाला असेल," अभिनव म्हणाला. "मयत असल्याचं त्यांना मीच सांगितलं होतं."

आत्याबाईंनी त्याला हात जोडले. मग महिपतीला, साहेबांना, शाई लावणाऱ्या मुलीला, दारातल्या पोलिसालासुद्धा. शाईचा थेंब उललेल्या बोटात गेला तशी त्यांनी ओठ मिटले. "झोंबतंय का आजी?" मुलीनं विचारलं. "झोंबू द्या," त्या म्हणाल्या. साहेब म्हणाले, "आपण आत जावं." पुठ्ठ्याच्या आडोशामागं त्यांचं पांढरं लुगडं दिसत होतं. पीं असा लांब आवाज आला, आणि मला रडू फुटलं. मग माझी पाळी आली. मी बटण दाबलं. कुणाला दिलं ते विचारू नका, मी आत्याबाईंची सून आहे.

बाहेर फाटकाशी टेबल टाकून भाग्यश्रीबाई लोकांना यादीतला नंबर शोधून देत होत्या. आत्याबाईंनी लांबूनच त्यांना शाईचं बोट दाखवलं. बाई उभ्या राहिल्या, समोर माणसांची गर्दी होती तरी उभ्याच राहिल्या, आणि चष्मा काढून पुसला.

शनिवारी निकाल लागला. हिंमतराव सहाशे बारा मतांनी आले. दोन दिवस गुलाल उडाला, फटाके वाजले. आम्ही मिरची खुडत होतो. सोमवारी संध्याकाळी कामावरून परतताना यार्डाच्या फाटकाशी मोठा फ्लेक्स लागलेला दिसला, हिंमतराव हात जोडून हसतायत, खाली पन्नास-साठ कार्यकर्त्यांचे फोटो. आत्याबाई थांबल्या.

"काय लिवलंय?"

मी वाचलं, "समस्त मतदार बंधू-भगिनींचे जाहीर आभार."

"मतदार म्हंजी, ज्यांनी ह्याला दिलं ते?"

"तसं नाही लिहिलेलं. समस्त लिहिलंय. सगळे."

"मग आपलेबी?"

"हो. तुमचेही, माझेही."

त्या बराच वेळ त्या फ्लेक्सकडं बघत राहिल्या. इतका मोठा माणूस, एवढ्या मोठ्या रस्त्यावर, त्यांना हात जोडून उभा. मी म्हटलं, "आत्याबाई, एवढं तरी सांगा. तुम्ही निवडून दिलात तो हाच का?"

"आभार मानलेत ना त्यानं?"

"मानलेत."

"मग आपुन कुणाला दिलं ते आता कशाला," त्या म्हणाल्या. मग पदर तोंडावरून सोडला आणि वर बघितलं. फ्लेक्सची उजवी बाजू सुटून वाऱ्यानं फडफडत होती, भगिनी ह्या शब्दावर घडी पडत होती. "दोरी सुटलीय बघ. तू उंच हायेस, बांध तेवढी."

मी चप्पल काढली, कठड्यावर चढले आणि दोन गाठी मारून दोरी बांधली.